एक तारखेपासून मावशी येतील

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, फोनवर विषय काढला की तू "बघू नंतर" म्हणतेस आणि मी जेवले का ते विचारतेस. म्हणून लिहिते आहे. दादाशी बोलून ठरवलं आहे: येत्या एक तारखेपासून सकाळी 8 ते रात्री 8 घरी मावशी येतील, पप्पांच्या पार्किन्सनच्या दुखण्यात हाताशी पगारी मदतनीस म्हणून. पहिल्या महिन्याचे पैसे देऊन झाले आहेत, दादाने आणि मी निम्मे निम्मे, त्यामुळे ते विचारू नकोस. पहिले तीन दिवस मीही नगरला राहीन. तुला न विचारता ठरवलं याचं मन खातं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि नाताळात जे झालं ते पुन्हा झालं असतं. तेव्हा तू पडलीस, पप्पा नव्हे.

घर तुझंच राहील. स्वयंपाकघरात त्या हात घालणार नाहीत, फार तर स्वतःपुरता चहा करतील. पितळी डबे जिथे आहेत तिथेच राहतील. पप्पांची दाढी रविवारी दादाच करेल. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्या शांत बसून राहीन म्हणाल्या आहेत. मंगळवारी त्यांची सुट्टी, त्या दिवशी दादा येईल.

"शिकलेली नाही, तिला काय कळणार," असं तू मावशींबद्दल आत्याला म्हणालीस. आई, जामखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे काम सुरू केलं ते गावातल्या अशाच बायांना हाताशी धरून. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखू लागल्या, रक्तदाब मोजू लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामाला. हाताला वळण लावलं की येतं. मावशींना मी आठवडाभर शिकवलं आहे, आणि त्या ऐकतात.

आता तुझं ते वाक्य. "हा माझा वधस्तंभ आहे, मीच वाहीन." हे तू म्हणतेस तेव्हा मला उत्तर सुचत नाही, म्हणून सावकाश लिहिते. प्रभूने स्वतःचा वधस्तंभसुद्धा शेवटपर्यंत एकट्याने वाहिला नाही. शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर तो दिला गेला. गलतीकरांच्या पत्रात, सहाव्या अध्यायात, एकमेकांची ओझी वाहा असं दुसऱ्या वचनात आहे, आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असं पाचव्यात. पप्पांनीच महिला मंडळाच्या अभ्यासात समजावलं होतं की मूळ ग्रीकमध्ये हे शब्द वेगळे आहेत. फोर्तियोन म्हणजे ज्याची त्याची शिदोरी, बारोस म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन. पप्पांवर माया करणं, त्यांच्याशी बोलणं, त्यांच्यासाठी प्रार्थना करणं ही तुझी शिदोरी. सत्तर किलोचा देह दिवसातून दहा वेळा उचलणं हे बारोस आहे. आणि मत्तय अकरामध्ये प्रभू कष्टी लोकांना बोलावतो तेव्हा जू देतो. जू दोन बैलांच्या मानेवर असतं हे तुला मी सांगायला नको, तू नेवाशाची आहेस.

पप्पा, आता तुमच्याशी.

त्या प्रार्थनासभेत कुणीतरी तुम्हाला विश्वास ठेवा आणि गोळ्या सोडा असं सांगितलं हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. तुमची लेवोडोपाची गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जिवावर बेततं. ती गोळी मेंदूत कमी पडलेल्या डोपामाइनची, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या रसायनाची, भरपाई करते. तिने आजार जात नाही, पण पाऊल उचलतं, घास गिळता येतो. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय म्हटलं आहे. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली इस्पितळ उघडलं ते प्रभूच्याच नावाने. तुम्ही प्रार्थना करा, आम्हीही करतो, पण पाण्याच्या घोटाबरोबर गोळी जाऊ दे.

वेळा त्याच: 7, 11, 3, 7. घड्याळ पाहून, दहा मिनिटंही पुढे नको. गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. आई, तू गोळीबरोबर दूध देतेस, तिथेच घोटाळा होतो. दूध, डाळ, अंडं यांतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दाराने आत जातात. प्रथिनांची गर्दी झाली की गोळी बाहेर थांबते आणि पप्पा दुपारभर ताठरलेले राहतात. तुला वाटतं आजार वाढला. दूध गोळीनंतर अर्ध्या तासाने दे. लोहाची गोळी याच वेळी देऊ नकोस, मध्ये दोन तास तरी जाऊ देत. आणि चक्कर आली, उलटी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणायची नाही. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन औषधं डोपामाइनच अडवतात. नावं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहेत, नव्या डॉक्टरांनाही तो कागद दाखवा.

चालण्याबद्दल. दाराच्या उंबऱ्याशी पप्पांचे पाय जमिनीला चिकटतात तेव्हा हात धरून ओढायचं नाही. ओढलं की धड पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबायचं. ताठ उभं राहायचं. वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, असं दोन-तीनदा झुलवायचं आणि मग एकच मोठं पाऊल टाकायचं. न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात मी पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारणार आहे, दीड-दीड फुटावर. रेघ ओलांडायची आहे असं डोळ्यांना दिसलं की पाय उचलतो. चालणं आपसूक घडवणारी मेंदूतली वाट बिघडली आहे, पण डोळ्यांनी किंवा कानांनी इशारा मिळाला की दुसऱ्या वाटेने काम होतं.

म्हणून गाणं. पप्पा, सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला संडे स्कूलला न्यायचात आणि पायडलच्या ठेक्यावर गीत म्हणायचात, तसंच. नारायण वामन टिळकांनी आपली गीतं भजनाच्या, अभंगाच्या चालींत बांधली म्हणून ती टाळांवर म्हणता येतात. केरवा तालातलं घ्या, त्यात डावा-उजवा सरळ पडतो. दादऱ्यात जोराची मात्रा पाय बदलत राहते आणि गोंधळ होतो. आवाज मोठा ठेवा. या आजारात आवाज खोल जातो आणि आपल्याला ते कळत नाही. संध्याकाळी स्तोत्र 121 वाचाल तेव्हा आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसेल, तिला शेवटचा शब्द ऐकू आला पाहिजे.

खुर्चीतून उठताना आधी कडेला सरका, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाका, मग उठा. मावशी कमरेच्या पट्ट्याला धरतील. काखेत हात घालून कुणीही उचलायचं नाही, खांदा निखळतो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्या. सकाळी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसल्याशिवाय उभं राहू नका. रक्तदाब पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा आणि उभं राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी असा मोजायचा. वरचा आकडा 20 ने उतरला तर मला त्याच दिवशी फोन.

रविवारच्या साडेनऊच्या उपासनेत आशीर्वादापर्यंत पप्पा ताठरतात, कारण 7 ची गोळी तोवर ओसरलेली असते. संध्याकाळी 5 च्या उपासनेला या, तेव्हा 3 ची गोळी भरात असेल. प्रभुभोजनाबद्दल पाळकसाहेबांशी बोलले आहे. भाकरीचा अगदी लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून देतील. ताठ बसून, हनुवटी किंचित छातीकडे घेऊन गिळायचं, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घरी जेवतानाही हेच. यात कमीपणा काही नाही, पप्पा.

आई, तुझं शेवटी लिहिते आहे, पण पत्र खरं त्यासाठीच आहे.

तू साखरेची गोळी घेतेस आणि पप्पांना भरवता भरवता तुझं जेवण तीनला होतं. गोळी पोटात आणि जेवण नाही, की साखर उतरते. हात कापतात, घाम फुटतो, शब्द सुचत नाहीत. नाताळात तेच झालं. असं वाटलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघ, 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेच, आणि मग जेव. उत्तम शुक्रवारचा उपास तुला नाही आणि पप्पांनाही नाही. देवळात बसलीस तरी पुरे.

1 राजे, अध्याय 19 पुन्हा वाच. एलिया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो आणि निजू देतो. मग पुन्हा उठवून खायला देतो. होरेब डोंगरावरचा तो मंद वाणीचा प्रसंग या सगळ्यानंतरचा. मी लहानपणी रडत घरी आले की तूही आधी गूळ-भाकरी द्यायचीस, विचारायचीस नंतर.

तेव्हा ऐक. दुपारी साडेबाराला जेवायचं, पप्पांच्या आधी. दीड ते अडीच मागच्या खोलीत दार लावून झोपायचं. गुरुवारी तीनला महिला मंडळ, रविवारी सकाळची उपासना एकटीने. शेवटच्या गीतापर्यंत थांब, मध्येच उठून येऊ नकोस. रात्री पप्पांसाठी युरिन पॉट पलंगाशी ठेवला की तुला दोनदा उठावं लागणार नाही. पलंगाच्या मधल्या भागावर मी सॅटिनची पट्टी टाकणार आहे, त्यावरून त्यांना आपलं आपण कुशीवर वळता येईल.

आणि मावशींच्या कामात चुका काढू नकोस. निदान पहिला आठवडा नको. तुझ्यासारखं कुणालाच जमणार नाही, हे मला आणि पप्पांनाही ठाऊक आहे.

तुमची,
बाळी

ता. क. पिवळी चिकटपट्टी आणि कमरेचा पट्टा मी आणते आहे. दादाने न्हाणीतला दांडा भिंतीत स्क्रूने बसवून घ्यावा. बाजारात मिळणारा रबरी चोषकाचा दांडा ओल्या फरशीवर सुटतो, तो आणू नये.