बिनशर्त उत्पन्न द्या, पण रेशन मोडून नको

संपादक महोदय,

सर्वांना बिनशर्त मूलभूत उत्पन्न, म्हणजे सरकारकडून कोणतीही अट न घालता नियमित ठरावीक रक्कम, द्यावे का, हा वाद ‘फुकट पैशाने लोक आळशी होतील’ याच मुद्द्यावर घुटमळत राहतो. त्यापेक्षा पैसा कोणत्या योजना बंद करून उभा करणार आणि दहा वर्षांनी त्या रकमेत काय विकत मिळणार, हे विचारायला हवे.

२०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ७५ टक्के लोकांना माणशी वर्षाला ७,६२० रुपये देण्याचा हिशेब मांडला होता. खर्च जीडीपीच्या ४.९ टक्के. हे उत्पन्न चालू योजनांच्या जागी यावे, अशी मांडणी होती. महागाई दरसाल ५ टक्के धरली तरी तेवढ्याच खरेदीला दहा वर्षांनी सुमारे १२,४०० रुपये लागतात. ही वाढ आपोआप होत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला ८० वर्षांखालच्या वृद्धांचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयांवर अडकला आहे. इराणने डिसेंबर २०१० मध्ये इंधनाची सवलत कमी करून माणशी महिना ४,५५,००० रियाल सुरू केले. तेव्हा ते साधारण ४५ डॉलर होते. दशकभरात खुल्या बाजारात पाच डॉलरही उरले नाहीत. रेशनचे ५ किलो धान्य मात्र भाव वाढला तरी ५ किलोच राहते.

समर्थक मध्य प्रदेशातल्या २०११-१२ च्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात प्रौढांना महिना २०० आणि मुलांना १०० रुपये बिनशर्त दिले, पुढे ३०० आणि १५०. पोषण सुधारले, शाळेतली हजेरी वाढली, दारूवरचा खर्च वाढला नाही. पण तो पैसा रेशनच्या बदल्यात नव्हता, रेशनशिवाय वरचा होता! बदल्यात दिल्यावर काय होते ते झारखंडच्या नगडी तालुक्यात दिसले. २०१७ मध्ये तिथे रेशनचे अनुदान बँक खात्यात आणि तांदूळ ३२ रुपये किलोने रेशन दुकानात, अशी पद्धत आणली. बँक, सेवा केंद्र, दुकान अशा खेपा घालून लोक थकले आणि २०१८ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

पैसे अडकतात कुठे, हेही सांगायला हवे. आधार बँकेत नुसते दिले म्हणजे अनुदान तिथेच येईल असे नाही. बँकांमधली देणी हाताळणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात ते जाते. २०१७ मध्ये गॅसचे अनुदान अनेक ग्राहकांच्या नकळत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत गेले, ते यामुळेच.

अटींचा त्रास आपल्याकडेच पाहा. संजय गांधी निराधार योजनेसाठी बहुतेक अर्जदारांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिना १,७५० रुपये. लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख. एकाच तहसील कार्यालयात गरिबीची ही दोन मापे! पहिल्या मापात बसायचे तर बहुतेकांना उत्पन्न कमीच लिहून घ्यावे लागते. ज्याला तलाठ्याकडून ते जमत नाही तो बाहेर.

म्हणून सुरुवात वृद्धांपासून करावी. ६५ वर्षांवरील, सरकारी निवृत्तिवेतन न घेणाऱ्या प्रत्येकाला उत्पन्नाचा दाखला न मागता रक्कम द्यावी. दर एप्रिलला महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार ती वाढवणे कायद्यानेच बंधनकारक करावे. रेशनला हात लावू नये.

– एक वाचक, सोलापूर