लेकी, माझ्याच वह्या तू मला वाचायला लावल्यास

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणून तू बजावलंस, तेव्हा पोटची नसलीस तरी नुसतं लेक म्हणतो. गल्लीतल्यांना कळेलच, आणि ज्यांना कळणार नाही त्यांचं नावावाचून अडणार नाही. पत्र उघड लिहितोय, कारण तू समोर बसलीस की मी गुडघ्याचं नाहीतर पावसाचं बोलत बसतो आणि मुद्द्याचं राहून जातं. सहा वर्षं राहिलंय. त्यात गेल्या महिन्यात तू जे विचारलंस, त्याला मी उत्तर दिलं नाही. चहा गार झाला, तू उठून गेलीस. ते मनातून जात नाही.

आधी ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. गावभागात ४५ कानावर आलं की खालचं सामान माळ्यावर जातं. पण माझ्या डोक्यात २००५ च्या पुराचा आकडा घट्ट बसलेला. 'त्याच्यावर काय पाणी येतंय, उगाच घाबरू नका,' असं मीच दारोदार सांगत फिरलो. लोकांनी ऐकलं, कारण दिवाणजींकडे वह्या आहेत, त्यांना नदी माहीत आहे, असा माझा लौकिक. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. माझ्या शब्दावर विसंबून चार घरांनी सामान हलवलं नाही. ते तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस.

तू आणि तुझ्या भावाने आजीला, म्हणजे माझ्या बायकोला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने चढवलंत. ती सारखी म्हणत होती, 'मला ठेवा, देव आणा.' तुम्ही तिला ठेवून देवही आणलेत. आठ दिवस तुमच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं होतो. लाईट नाही, प्यायचं पाणी बोटीतून येईल तेवढं. तुझी आई भडंगाच्या पिशवीवर हात ठेवून माणसं मोजायची, ते मी पाहिलं आहे. हे उपकार मोठे आहेतच. पण पुरात सांगलीकर एकमेकांना धरतात, आणि तसं धरणारे हात त्या आठवड्यात पुष्कळ होते. माझे खरे आभार त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी आहेत.

पाणी उतरलं तेव्हा घरात गुडघाभर रेंदा. कपाट आडवं पडलेलं आणि त्याच्या खाली माझ्या वह्या. १९६९ साली हळदीच्या अडतीवर लागलो तेव्हापासूनच्या, लाल कापडी बांधणीच्या. तेव्हा सांगलवाडीत राहत होतो. सायकलवरून पूल ओलांडून यायचो, पावसाळ्यात खांबावरचा आकडा बघायचो आणि दुकानात पोचलो की वहीच्या कडेला शिसपेन्सिलीने टिपायचो. दिवसभराचं बाकी सगळं शाईने. पन्नास वर्षांचा तो गठ्ठा फुगून विटेसारखा झाला होता. मी तो गाळाबरोबर रस्त्यावर टाकला. महापालिकेची गाडी येणार होती. खरं सांगतो, तेव्हा मला काहीच नको होतं.

तू तो उचललास. विचारलंही नाहीस.

मग दीड महिना तुमच्या गच्चीवर जे चाललं ते मला आत्ता लिहितानाही दिसतंय. तू आधी नळाखाली पानांचा गाळ धुतलास, तान्ह्या पोराला अंघोळ घालावी तसा, हात खाली धरून. दोन पानांमध्ये रद्दीचा कागद, वर फळी, फळीवर वीट. दर चार तासांनी रद्दी बदलायची. वाळत आलेल्या पानांवर पावडर भुरभुरायची म्हणजे चिकटत नाहीत. जी पानं सुटून आली ती दोरीवर चिमट्यांनी लावलेली. एकदा वर आलो तर १९७८ आणि १९८३ शेजारी शेजारी हलत होते. शाईचं सगळं धुऊन गेलं होतं. भाव, पोत्यांचे हिशेब, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, सगळ्याची नुसती निळी झाक. शिसपेन्सिल तेवढी टिकली. पन्नास वर्षांतलं माझं काय राहिलं, तर नदीचे आकडे.

ते तू एका तक्त्यात उतरवलेस आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, 'आजोबा, वाचा.'

लेकी, मी ते कधी वाचलंच नव्हतं. लिहीत होतो. रोजकीर्द लिहायची आणि ताळेबंद कधी काढायचा नाही, असा दिवाणजी कुठल्या मालकाने ठेवला असता? एका पावसाळ्याचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी मी ठेवलाच नव्हता. तू ठेवलास तेव्हा दिसलं, की पावसाचे दिवस पातळ होत चाललेत आणि पडतो तो चार दिवसांत सगळा पडतो. पुढे २०२१ चा जुलै आला आणि त्याच तक्त्यात तू अजून एक ओळ भरलीस. ५० फुटांच्या वर गेलेले पूर: २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीन. सरकारी नकाशात निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. माझ्यासारख्याला वाटायचं, शंभर वर्षं म्हणजे आपल्यानंतरचं.

त्याच तक्त्यातून तू गल्लीचा नकाशा काढलास, कुठल्या फुटाला कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं याचा. त्यात नाल्याकडेच्या माझ्या दोन खोल्या पहिल्या. त्या मी १९९४ ला बांधल्या. नाल्याची जागा होती, चार गाड्या मुरूम टाकून वर आणली. तेव्हा सगळेच बांधत होते आणि भाडं चांगलं येत होतं. २००५ ला तिथला भाडेकरू गेला, मी भिंती रंगवून दुसरा ठेवला. २०१९ ला त्याचाही संसार गेला. दोन्ही वेळा मी नदीला बोल लावला, धरणवाल्यांना लावला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला लावला. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदी-नाल्यांतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. ते पेपरात वाचताना मी मान डोलवत होतो, जशी ती दुसऱ्या कुणाच्या खोल्यांची गोष्ट होती. तुझ्या नकाशावर त्या पेन्सिलीच्या दोन चौकोनांपुढे तू काही लिहिलं नव्हतंस. नुसते चौकोन होते.

२०२२ ला त्या पाडल्या. मुलगा नाराज झाला, सहा महिने नीट बोलला नाही. आता तिथे पावसाळ्यात पाणी येतं आणि जातं. हे तुझ्यामुळे झालं.

आता तुझा प्रश्न. लग्नाला दोन वर्षं झाली, दोन्हीकडची मंडळी मागे लागलीत, आणि तू मला विचारलंस, 'आजोबा, या असल्या जगात मूल आणावं का?' टीव्हीवर युक्रेन चाललं होतं का गाझा, आठवत नाही. दोन्हीकडे पडलेली घरं सारखीच दिसतात. तूच मला एकदा सांगितलंस की १९५८ साली, मी दहा वर्षांचा होतो तेव्हा, हवाई बेटावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तो दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता आणि आता ४२० च्या पुढे गेलाय. माझ्या एका आयुष्यात शंभराच्या वर चढला. हिशेबाच्या माणसाला हा आकडा झोपू देत नाही. हे देणं कुणाच्या नावावर आहे आणि फेडायचं कुणी, ते मला चांगलं कळतं.

आमच्या वेळीही जग धड नव्हतं, असं सांगून मी तुला गप्प करू शकलो असतो. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, पहाटेची भांडी खणाणली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी अंगणात. मग १९७२. आजी पहिल्या बाळंतपणाला जत तालुक्यात माहेरी गेली आणि दुष्काळ पडला. तिची आई, भाऊ, सगळे खडी फोडायला. तीही सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या शेजारी बसून खडी फोडत होती, कारण हात वाढला की मजुरी वाढते. मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या आणि सुकडी. मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिच्या भुवयांवर खडीची पांढरी भुकटी होती आणि ती मला आधी पाणी द्यायला उठली. त्या रांजणात किती पाणी होतं ते मी बघितलं होतं. माझा मुलगा त्या दुष्काळातला. पुढे एकदा मी तिला विचारलं होतं, तुला भीती नाही का वाटली? म्हणाली, 'भ्यायला सवड कुणाला होती?'

पण हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि ते तसं म्हणून पुढे करणं लबाडी होईल. तिला सवड नव्हती आणि फारसा पर्यायही नव्हता. तुला दोन्ही आहे. शिवाय आम्हाला एक खात्री होती, की औंदा नाही तर पुढच्या साली पडेल. आणि १९७३ ला पडला. पाणी चढलं तर जुन्या खुणेवर येऊन थांबेल, ही आमची ठेव होती. तुमच्या वाट्याला खूणच हललेली नदी आलीय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी मिरजेला बघायला गेलो होतो आणि आपली नदी दुसऱ्याची तहान भागवते म्हणून ऊर भरून आला होता. ते वहीत आहे, पेन्सिलीत. त्यानंतर तीनच वर्षांनी तीच नदी आजीच्या देवघरात आली. इतक्या जवळजवळच्या पानांवर दोन्ही असणं आम्ही पाहिलं नव्हतं.

तुझा प्रश्न ऐकला आणि मला हरिपूरची पेवं आठवली. तू ती चालू असताना पाहिली नाहीस. संगमाजवळच्या त्या मातीत पुरुषभर नव्हे, दोन-तीन पुरुष खोल खड्डे, वर तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आतून पाला-चटया लावलेल्या, आणि पोटात शेकडो पोती हळद. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. २००५ च्या पुराने ती पेवं संपवली. पेव उघडायच्या दिवशी मी वही घेऊन हजर असायचो. माती बाजूला काढायची, तोंड मोकळं करायचं आणि बसायचं. कितीही घाई असो, व्यापाऱ्याचा ट्रक उभा असो, कुणी लगेच उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. मग दोराला बांधून कंदील खाली सोडायचा आणि वर सगळ्यांनी वाकून ज्योतीकडे बघायचं. विझली तर अजून थांबायचं. तग धरली तर एक जण उतरायचा, आणि वरचे दोघं दोर हातात घट्ट धरून उभे राहायचे, तो वर येईपर्यंत.

मी तुला 'हो आण' म्हणणार नाही आणि 'नको' तर मुळीच म्हणणार नाही. तो तुमच्या दोघांचा निर्णय. मागे लागणाऱ्यांना मी माझ्या तोंडाने सांगेन की पोरीला विचारू नका, आणि हे पत्र त्यांनीही वाचावं. मी एवढंच म्हणतो, की दोर धरायला मी आहे. सत्त्याहत्तरीतला हात आहे, किती दिवस पुरेल माहीत नाही, पण आहे. मूल आलं तर त्याला सांभाळायला आहे. नाही आलं तरी तुझ्या त्या शाळेतल्या पोरांना पुलाचा आकडा वाचायला शिकवायला आहे. गेल्या जूनमध्ये तू दहा-बारा पोरं घेऊन पुलावर आली होतीस. एक चिमुरडी खांबाकडे बोट दाखवून म्हणाली, 'आजोबा, याच्यावर नंबर संपले तर?' मला तिथे बोलता आलं नाही. तू तिला म्हणालीस, 'मग आपण अजून रंगवू, पण त्याच्या आधी खालच्यांना वर आणू.' ते मी घरी येऊन वहीत उतरवलं.

आजी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, त्या पोरीचे पैसे दिलेत का, वह्या सुकवल्याचे? मी म्हटलं ती घेत नाही. ती म्हणाली, 'मग तिला तसं लिहून तरी द्या, तोंडी नको.' हे ते लिहून दिलेलं.

नव्या सालाची वही आणून ठेवलीय. माझी नजर आता खांबावरच्या आकड्याला पोचत नाही. शिसपेन्सिल आत घातली आहे, टोक काढून. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
आजोबा
गावभाग, सांगली