टिलबरीच्या गोदीत सापडलेले पणजोबा

बार्किंग, लंडन
रविवार रात्र

ती. काका आणि सौ. काकूंना शि. सा. नमस्कार,

काका, फोनवर तुम्ही म्हणालात व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्यात काय कळत नाही, एकदा नीट लिहून पाठव, दादाला प्रिंट काढायला सांगतो, म्हणून हे बसून लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

तर मुद्दा हा की तुमचे आजोबा, म्हणजे आमचे पणजोबा, मला सापडले. मेल्यावर सापडले असं म्हणायचं नाही, जिवंतपणीचे सापडले. १९ जून १९२१ च्या रविवारी रात्री ते लंडनच्या खाली टिलबरीच्या गोदीत पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटीवर होते आणि इंग्लंडच्या जनगणनेत त्यांचं नाव आहे. मी आज जिथे राहतो तिथून टिलबरी ट्रेनने अर्ध्यापाऊण तासावर, दहा वर्षं झाली मला इथे येऊन आणि आपलं माणूस एवढ्या जवळ कागदात पडून होतं.

कसं ते सांगतो. इथे जनगणनेचे मूळ फॉर्म शंभर वर्षं बंद ठेवतात आणि मग उघडतात, १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये उघडले. घरबसल्या बघायला पैसे पडतात, पण क्यू नावाच्या ठिकाणी नॅशनल आर्काइव्ह्ज आहे तिथे जाऊन फुकट बघता येतं, आणि बार्किंगहून डिस्ट्रिक्ट लाइनची एकच गाडी थेट जाते, सव्वा तास लागतो पण बसायला मिळतं. तिकडे आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, बॅग लॉकरमध्ये, अगदी काकूंच्या देवघरासारखं सोवळं.

नावाने शोधून काहीच मिळेना. आडनाव टाकलं, शून्य. मग कळलं की आपल्या लोकांची आडनावं बोटीच्या कागदात घेतच नसत, नाव आणि पुढे बापाचं नाव, बस. आणि ते नाव गोऱ्या साहेबाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि ते अक्षर शंभर वर्षांनी कुणीतरी कॉम्प्युटरवर टाइप केलेलं ज्याने रत्नागिरी जन्मात ऐकलेली नाही. एका बोटीवर मला रत्नागिरीच्या पाच स्पेलिंग मिळाल्या. शेवटी नाव सोडून दिलं आणि जन्मस्थळाच्या रकान्यात पहिली दोनतीन अक्षरं टाकून पुढे स्टार टाकत बसलो, तीन शनिवार गेले, आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी एका बोटीच्या यादीत पणजोबांचं नाव, पुढे खापरपणजोबांचं नाव, जन्म 'जैघर, रत्नागेरी', हुद्दा टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम. जयगडचं जैघर. मी मोठ्याने 'अरे' म्हणालो, शेजारच्या बाईने मान वर करून बघितलं.

आता गंमत ऐका. ही जनगणना मुळात २४ एप्रिलला व्हायची होती. पण एप्रिलात कोळशाच्या खाणीवाल्यांचा मालकांशी वाद पेटला, रेल्वेवाले आणि ट्रान्सपोर्टवाले पण संपात उतरणार अशी हवा झाली, म्हणून सरकारने तारीख पुढे ढकलून १९ जून केली. एप्रिलात मोजणी झाली असती तर पणजोबांची बोट त्या रात्री इंग्लंडच्या बंदरात नव्हती, मी फेऱ्यांच्या तारखा ताडून बघितल्या. म्हणजे वेल्स आणि यॉर्कशायरच्या खाणकामगारांनी भांडण काढलं म्हणून जयगडचा टंडेल कागदावर आला. अप्पाआजोबा असते तर म्हणाले असते, बघ, कुणाच्या कोंबड्याने कुणाची सकाळ.

वयाचं मात्र सगळं गौडबंगाल आहे. १९२१ मध्ये वय नुसतं वर्षात नाही तर वर्षं आणि महिने असं विचारलं होतं, गोऱ्यांच्या घरात लोकांनी '४१ वर्षं ७ महिने' असं नीट भरलंय, आणि आपल्या सगळ्या खलाशांपुढे महिन्यांच्या रकान्यात शून्य, जणू अख्खी बोट एकाच दिवशी जन्मली. पणजोबा ३५ वर्षं. तुम्ही सांगता ते प्लेगच्या सालचे, पणजोबा पोटात असताना त्यांची आई मुंबईच्या मांडवीतून बोट पकडून गावी पळाली. मांडवीत प्लेग १८९६ ला आला, म्हणजे १९२१ ला ते पंचविशीत हवेत. त्यात १९१५ च्या बोटींच्या हजेरीपटात (त्या एका वर्षाचे पट इथल्या व्हॉलंटियर लोकांनी पूर्ण टाइप करून नेटवर फुकट ठेवलेत, त्यांचं भलं होवो) त्याच नावाचा, त्याच बापाचा, त्याच गावचा माणूस नुसता लास्कर, म्हणजे साधा खलाशी, म्हणून आहे, वय २२. सहा वर्षांत तेरा वर्षांनी म्हातारे झाले. मला वाटतं सारंगाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, जे सांगितलं ते साहेबाने लिहिलं, माणसं भरती करायची ती सारंगच करायचा, वयही तोच ठरवायचा, आणि पंचविशीच्या पोराला कोण टंडेल करणार, म्हणून ३५ लावलं असेल. हा माझा तर्क. तेव्हा शंभर टक्के तेच असं मी म्हणत नाही हां, ऐंशी टक्के म्हणतो. गावात त्या नावाचे अजून कोण होते ते तुम्हालाच माहीत.

टंडेल म्हणजे सारंगाच्या खालचा, डेकवरच्या लोकांचा मुकादम. त्या काळी पी अँड ओ च्या डेकवर आपल्या रत्नागिरीचे लोक बरेच, सलूनमध्ये वाढपी आणि बटलर गोव्याचे, खाली इंजिनात आगवाले पंजाबी आणि पठाण. पगार गोऱ्या खलाशाच्या पाचव्या हिश्शापासून फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंत. आणि झोपायची जागा, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कायद्यात लिहिलेलं, १९०६ नंतर गोऱ्या खलाशाला माणशी १२० घनफूट आणि लास्करला ३६. ३६ घनफूट म्हणजे काय हे मी टेप घेऊन मोजलं, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. आपल्या ओटीवरच्या भाताच्या पेटाऱ्याएवढं.

काका, तुम्ही विचारलंत की मग आपल्याकडच्या जनगणनेत का नाही शोधत, इंग्रजच तर करायचे. करायचे, १८७२ पासून, आणि १९२१ ला मार्चात आपल्याकडेही झाली, पण आपल्याकडे आकडे काढून झाले की घराघरातले कागद ठेवलेच नाहीत. कोष्टकं राहिली, माणसं गेली. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त हे त्या कोष्टकांत दिसतं, कारण पुरुष मुंबईत नाहीतर बोटीवर, म्हणजे पणजोबा तिथे आहेत ते कमी पडलेला एक म्हणून. आणि सगळ्या देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा १९२१ ला कमी भरली, तसं आधी नंतर कधी झालं नाही, १९१८ च्या मानमोडीमुळे, म्हणजे तापाच्या साथीमुळे. पणजीची पहिली दोन मुलं मानमोडीत गेली हे अप्पा सांगायचे, एकाचं तर नावसुद्धा ठेवलं नव्हतं म्हणायचे. ती दोघं त्या घटलेल्या आकड्यात आहेत. म्हणजे आपल्या सगळ्या घरातून नावानिशी जनगणनेत सापडेल असा माणूस एकच, आणि तो सापडतो परक्यांच्या मोजणीत. याचं मला बरं वाटतंय का राग येतोय तेच कळत नाही.

पुढचं सांगायचं तर पुढे अंधार. इथली १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये गोदामाला आग लागून जळाली, बॉम्बने नाही, साधी आग. १९४१ ला युद्ध म्हणून घेतलीच नाही. युद्ध सुरू झाल्यावर सप्टेंबर १९३९ मध्ये रेशन आणि ओळखपत्रासाठी एक रजिस्टर केलं ते आहे, पण त्यात समुद्रावरचे लोक नाहीत. १९५१ चे कागद २०५२ ला उघडतील तेव्हा मी असलो तर काठी टेकत जाईन, पण पणजोबा तोवर गावी येऊन बसले होते.

आता सोन्याची बोट. तुम्ही अप्पांची ती गोष्ट त्यांच्याच शब्दांत सगळ्या लग्नाकार्यात सांगता, 'बापूस सोन्याच्या बोटीवर होता, धुक्यात बोट फुटली, तो पोहून आला'. बोट खरी आहे काका. तिचं नाव ईजिप्त, पी अँड ओ चीच. १९ मे १९२२ ला टिलबरीहून मुंबईला निघाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रान्सच्या टोकाशी दाट धुक्यात फ्रेंच बोट येऊन धडकली आणि वीसेक मिनिटांत खाली. पोटात पाच टन सोनं आणि त्याहून जास्त चांदी, सगळं मुंबईला यायचं होतं. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी चारशे फुटांवरून ते सोनं वर काढलं. म्हणजे अप्पांनी सोनं मनाने घातलेलं नाही. ८६ माणसं गेली, त्यात ७१ खलाशी आणि १५ पॅसेंजर, आणि तरी तेव्हाच्या पेपरांनी बोंब काय मारली तर लास्कर घाबरून होड्यांत आधी चढले. ७१ आणि १५, बाकी हिशोब तुम्हीच करा.

पण पणजोबा तिच्यावर होते का, हे मी अजून हो म्हणत नाही. त्या वर्षाचे बहुतेक बोटींचे हजेरीपट इंग्लंडात नाहीतच, इथल्या सरकारला ठेवायला जागा नव्हती म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडच्या युनिव्हर्सिटीने उचलून नेले, दहा टक्के क्यूला, पाचने संपणाऱ्या सालांचे ग्रिनिचला, बाकीचे सगळे तिकडे बर्फात. मेल टाकलाय. आई म्हणते नाही निघालं तर सांगू नको काकांना. मी सांगणार. समजा नसले, तरी डेकवर एवढे आपल्या जिल्ह्यातले असताना बुडालेल्यांत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं असं होणं कठीण, आणि कोळीवाड्यात नाहीतर खलाशांच्या खोलीत बसून ऐकलेली गोष्ट घरी सांगताना 'मी' कधी शिरला असेल कोण जाणे. तुमचंच बघा ना, तो चिपळूणच्या पुराचा किस्सा, तुम्ही त्या दिवशी मुंबईत होतात हे काकूंनी मला सांगितलंय.

काल टिलबरीला जाऊन आलो. गोदीत आत सोडत नाहीत, कुंपण, कंटेनर, ट्रक. नदीकाठी जुनं पॅसेंजर टर्मिनल आहे, १९४८ ला वेस्ट इंडिजहून विंडरश बोट तिथेच लागली म्हणून तिचे बोर्ड लावलेत. खलाशांचा बोर्ड मला तरी दिसला नाही. वारा असा की कान गेले. किनाऱ्याला चिखलाचा वास मात्र सेम खाडीचा, ओहोटी लागली होती.

तर कामं सांगतो. एक, माळ्यावर पत्र्याची काळी ट्रंक आहे तिच्यात अप्पांच्या कोर्टाच्या कागदांखाली एक कापडी पुडी होती, लहानपणी मी बघितलीय, त्यात शिक्के मारलेला जाड कागद होता. ते बोटीवरून उतरल्याचं सर्टिफिकेट असेल तर त्यावर बोटीचं नाव आणि तारीख असणार. दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगा, फ्लॅश नको, उन्हात नको, ओटीवर सकाळी. घडी जोराने उघडू नका, फाटेल. दोन, दादा मुंबईला गेला की मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये एक चक्कर मारू दे, पहिल्या युद्धात गेलेल्या खलाशांची दोन हजारांवर नावं तिथे कोरलीत, पणजोबांचा थोरला भाऊ 'युद्धात बोटीबरोबर गेला' म्हणतात तो तिथे असेल तर. बापाचं नाव बघायला सांगा, आडनाव शोधू नको म्हणावं.

काकूंना सांगा कोकम संपलंय, कुणी येणार असेल तर किलोभर द्या. गुडघ्याचं तेल मी पाठवलंय ते लावतायत का?

तुमचा,
बाळा

ता. क. ट्रंकेची चावी देवघरात दिव्याच्या कोनाड्यात असायची. नसेल तर कुलूप तोडू नका, आत्याला विचारा.