विषय सुचत नाही म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तैलरंग आणले, ब्रश आणले, कॅनव्हास ताणून ठेवला आणि आता काढायचं काय हेच सुचत नाही, असं तू लिहितोस. अरे, सुचायची वाट बघत बसलास तर ट्यूबची झाकणं चिकटून बसतील. विषय ब्रश हातात असतानाच दिसायला लागतात.

सूर्यास्त, धबधबे, डोंगरावरचं धुकं यांच्या नादी सध्या लागू नकोस. ती दृश्यं आधीच इतकी सजलेली असतात की आपल्या वाट्याला नक्कल तेवढी उरते. त्यापेक्षा एक अंडं घे. खरंच! खिडकीपासून हातभर अंतरावर पांढरा कागद पसर, त्यावर ते ठेव आणि खोलीतला दिवा बंद कर, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. आता डोळे किलकिले करून बघ. खिडकीकडची उजळ बाजू, मग मंदावत जाणारा उजेड, मग सावलीचा गडद पट्टा, आणि त्याच्याही पलीकडे, खालच्या कडेला, कागदावरून उलटून आलेली पुसटशी उजळी. कागदावर पडलेली सावली अंड्याला टेकते तिथे सर्वांत गडद आणि काठाला धारदार असते. लांब जाते तशी ती फिकी होते आणि काठ विरत जातो.

हात घसरतो तो त्या उलटून आलेल्या उजळीत. शेजारी गडद पट्टा असल्यामुळे ती डोळ्याला आहे त्याहून उजळ भासते, आपण तिच्यात पांढरा ओततो आणि अंडं काचेचं दिसायला लागतं. ती सावलीतलीच जागा आहे; उजेडातल्या सर्वांत मंद जागेपेक्षाही ती एक पायरी खालीच ठेव. दुसरी चूक पांढऱ्याची. अंडं पांढरं, कागद पांढरा, म्हणून दोन्हीकडे ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट थापला की सगळं सपाट झालंच. निव्वळ पांढरा एका टिपक्यापुरता राखून ठेव. बाकी ठिकाणी त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि कणभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) हवाच. खिडकीतून निळ्या आभाळाचा उजेड येत असेल तर उजळ बाजू थंड आणि सावली त्या मानाने उबदार दिसते. बाहेर उन्हात नेमकं उलटं: ऊन पिवळसर, सावल्या निळसर. एवढं एक ओळखता आलं की घरभर विषय दिसतील. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ओला टॉवेल, दाराच्या फटीतून जमिनीवर आलेली उन्हाची पट्टी, एकात एक ठेवलेली भांडी. इटलीच्या बोलोन्या शहरात मोरांदी नावाचा चित्रकार वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या आणि भांडी मांडून रंगवत राहिला, आणि त्याला विषय कमी पडले नाहीत.

रंग मोजकेच लाव. टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून इतका खोल गडद रंग होतो की काळ्याची आठवण येत नाही, आणि त्यात पांढरा घातलास तर उबदार ते थंड अशा हव्या तितक्या राखाडी छटा निघतात. किरमिजी हवासा वाटला तर अस्सल अलिझरीन घेऊ नकोस, उजेडात तो उडतो. त्याच छटेचा, ट्यूबवर टिकाऊपणाची चांगली प्रत छापलेला रंग बघून घे.

आता बाहेरचं. कॅनव्हास ८ × १० इंचांहून मोठा नेऊ नकोस आणि एका बैठकीला दोन तासांवर बसू नकोस. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावल्यांची दिशा आणि लांबी दोन्ही बदललेली असतात. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत सगळ्या सावल्यांचे आकार पातळ रंगाने मांडून घ्यायचे आणि मग जमिनीवरच्या सावल्या कुठेही जावोत, चित्रातल्या हलवायच्या नाहीत. दर दहा मिनिटांनी सावली दुरुस्त करत बसलं की चित्रात दोन सूर्य उगवतात! काम अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जा. फ्रेंच चित्रकार मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या, तेव्हा तो एकाच वेळी बरेच कॅनव्हास हाताशी ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. बाहेर बसून असं काम करणं सोपं झालं ते ट्यूबमुळे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पिळता येणाऱ्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे.

झाडं काढायला बसलास की हिरवा छळणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला की झाड प्लास्टिकचं दिसतं. हिरवा मिसळून घे: अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर मिळून मळकट, शांत हिरवा, अल्ट्रामरीन आणि लेमन यलो मिळून ताजा, आणि जवळ आयव्हरी ब्लॅक असलाच तर लेमन यलोत तो चिमूटभर घालून शेवाळी. तो भडक वाटला तर बर्न्ट सिएनाचं टोक लाव, लगेच नमतो. मग एकच फांदी नीट बघ. वरून आभाळ झेलणारी पानं निळसर आणि चकचकीत असतात. ज्यांच्या आरपार ऊन येतं ती पिवळी पेटलेली, आणि आतली सावलीतली जवळजवळ तपकिरी. एका झाडात तीन हिरवे असतात ते असे. पानांमधून दिसणारे आभाळाचे ठिपके मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेव. तेवढेच उजळ ठेवलेस तर झाडावर कागदाचे कपटे चिकटवल्यासारखं वाटतं.

आता वाळण्याचं, कारण इथली चूक महिन्यांनी उघडी पडते. तैलरंग ज्यात घोटलेला असतो ते जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसरा ट्यूबमधला जसाच्या तसा, तिसऱ्यात लागलं तर तेलाचे दोन-चार थेंब. उलटं केलंस तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरचा तडकतो. रंगांचे स्वभावही वेगळे. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक मात्र रेंगाळतो. म्हणून काळ्याचा जाड थर तळाला नको. वाळल्यावर काही जागा निस्तेज दिसल्या तर घाबरू नकोस, खालच्या थराने तेल शोषलंय इतकंच. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून कापडाने पुसून घे, रंग परत वर येतो. व्हार्निशची घाई नको. सहा महिने ते वर्ष जाऊ दे.

रंगांचा चिखल होतो तो कशाने, तेही विचारलंयस. तीनाहून जास्त रंग एकत्र घोटल्याने, आणि ओल्या रंगावर ब्रश घासत राहिल्याने. उजळ रंगांना एक ब्रश आणि गडदांना दुसरा ठेव, ब्रश भरून एकदा टेकव आणि उचल. जागा बिघडली तर वरून थापू नकोस, पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडून पुन्हा लाव.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. बाहेर सुट्या पसरून वाळव, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेव. खिडकी उघडी असू दे. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नकोस. बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पुन्हा वापरता येतं.

इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत होता. कागदावर, तैलरंगात, भराभर. आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठला ते टिपून ठेवायचा. तूही जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिलेल्या जाड कागदाचे वहीच्या पानाएवढे तुकडे कर आणि रोज एक, पाऊण तासात संपव. आवडला नाही तरी फाडू नकोस. पाच झाले आणि हाताला रंग लागेनासा झाला की माझ्याकडे पाठव. मागे वेळ लिहिलेली असू दे, म्हणजे सावली चुकलीय की सूर्य सरकलाय ते मला सांगता येईल.

तुझा,
मित्र