समीर, डिस्क विकू नकोस

प्रिय समीर,

तुझं पत्र मिळालं. चिडून लिहिलंयस हे अक्षरावरूनच कळलं. "हेलो प्लेस्टेशनवर येणार असेल तर आपण इतकी वर्षं भांडलो कशासाठी?" असं विचारतोस, आणि त्याच दमात लिहितोस की डिस्कचा तो ढीग आता काढून टाकतो, नुसती जागा अडते, नाहीतरी सगळं डाउनलोडच होतं. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आधी देतो: विकू नकोस. निदान हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय एकाही डिस्कचा सौदा करू नकोस.

आता हेलो, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरचा तुझा लाडका नेमबाजीचा खेळ. २००१ साली एक्सबॉक्स घ्यायचं कारण म्हणजे हेलो, हे तूच मला शंभरदा ऐकवलं आहेस. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच पहिल्या खेळाची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ वरही येणार असं जाहीर झालं, तेव्हा तुला आपलं राहतं घर कुणीतरी परस्पर विकल्यासारखं वाटलं असणार. फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स ऑफ वॉर त्याआधीच इकडे आले होते, पण हेलोची गोष्ट वेगळी. मी दुसऱ्या, सोनीच्या प्लेस्टेशनच्या बाजूचा, तरी ती बातमी वाचून जिंकल्याची भावना काही माझ्या मनात आली नाही.

पण जरा मागे जाऊन बघ. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्ट हे आपलं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं मशीन, बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कन्सोलच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. ते वर्ष सरायच्या आत सेगाचा लाडका नायक सॉनिक प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावत होता. निन्टेन्डोचा मारिओ की सेगाचा सॉनिक यावरून ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्यांना तो धक्का केवढा बसला असेल! तरी सॉनिक टिकला. तो अजून खेळला जातोय तो दुसऱ्यांच्या मशीनवर जाता आलं म्हणूनच. हेलोचं मला तसंच दिसतं. आणि या नव्या आवृत्तीत ऑनलाइन चौघांना एकत्र खेळता येणार आहे, तेही वेगवेगळ्या कन्सोलवरून. म्हणजे तू तुझ्या एक्सबॉक्सवर, मी माझ्या प्लेस्टेशनवर, आणि मोहीम एकच. इतक्या वर्षांत हे आपल्याला कधी जमलं होतं का?

आपण भांडलो ते ताकदीवरून, ग्राफिक्सवरून, कुणाकडे जास्त एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच मशीनवर मिळणारे खेळ, यावरून. कंपन्यांचा हिशेब मात्र पहिल्यापासून सरळ होता. मशीनमध्ये फारसं सुटत नाही. २०२१ मध्ये एपिक या गेम कंपनीच्या ॲपलविरुद्धच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स मशीन कधीच नफ्यात विकलेलं नाही. पैसा आहे तो त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यात, साधारण ३० टक्क्यांत. एक्सक्लुझिव्ह खेळ हा माणसाला आपल्या दाराशी आणण्याचा मार्ग. एकदा तो आत आला की पुढची सगळी खरेदी तुमच्याच गल्ल्यात. दुसऱ्याच्या दुकानात खेळ विकून जास्त पैसे मिळतात असं दिसलं, की तोच खेळ तिकडे जातो. यात तुझी निष्ठा वाया गेली असं मी अजिबात मानत नाही. तू हेलोवर प्रेम केलंस आणि हेलो अजून आहे. मशीनच्या खोक्यावर प्रेम केलं असतंस तर गोष्ट वेगळी.

आपल्या भांडणांत एकच प्रसंग खऱ्या अर्थाने मोठा होता, आणि तेव्हा आपण दोघं एका बाजूला होतो. २०१३ चा जून. मायक्रोसॉफ्टच्या अटी अशा: नवा एक्सबॉक्स वन दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावणार, नाहीतर खेळू देणार नाही. डिस्क मित्राला द्यायची तर अटी, जुनी विकायची तरी अटी. त्यावर सोनीने तो छोटासा व्हिडिओ टाकला. सोनीचे शुहेई योशिदा उभे आहेत, हातात गेमची डबी. ते ती समोरच्या सहकारी ॲडम बॉइसच्या हातात देतात, तो धन्यवाद म्हणतो, संपलं. 'प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा' याची सगळी कृती एवढीच! तू तर एक्सबॉक्सवाला, पण तेव्हा मायक्रोसॉफ्टवर तू माझ्याहून जास्त संतापला होतास. सोनीचा कार्यक्रम झाला १० जूनला आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने त्या सगळ्या अटी मागे घेतल्या. खेळणाऱ्यांनी एवढ्या मोठ्या कंपनीला दहा दिवसांच्या आत पाऊल मागे घ्यायला लावलं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

मात्र त्या वेळी पुढच्या दाराने अडवलेली गोष्ट मागच्या दाराने आत आली. २०१९ मध्ये डिस्क ड्राइव्हच नसलेला एक्सबॉक्स वन एस, २०२० मध्ये एक्सबॉक्सचाच सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती, २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो, ज्याला ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्यावा लागतो. यातलं काहीच कुणी आपल्यावर लादलं नाही. मध्यरात्री गेम उघडला की पुढच्या मिनिटाला खेळायला बसता येतं, हे सुख मलाही आवडतं. निन्टेन्डोच्या स्विच २ वर तर काही कार्ट्रिजमध्ये गेमच नसतो, असते ती फक्त डाउनलोडची किल्ली. ती निदान दुसऱ्याला देता येते, विकता येते, एवढं बरं. पण निन्टेन्डोचा सर्व्हर ज्या दिवशी ती किल्ली ओळखणार नाही त्या दिवशी हातात उरेल तो प्लास्टिकचा तुकडा. हे आजच्या बातमीत कुणी लिहीत नाही, कारण ते अजून घडलेलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी मात्र घडून गेलंय. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनच्या ऑनलाइन दुकानांत खरेदी बंद झाली. फक्त डाउनलोडवर निघालेले कितीतरी लहान लहान खेळ त्या दिवसापासून कुणालाही रीतसर विकत घेता येत नाहीत. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचा अभ्यास आला: २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. मूकपट जसे हरवले तसंच व्हिडिओ गेमचं होतंय, आणि तेही आपल्या डोळ्यांदेखत.

डिस्क असली म्हणजे सगळं वाचतं असंही मी म्हणणार नाही. युबिसॉफ्टचा द क्रू आठव. डिस्कवर विकला गेलेला खेळ, एकट्याने गाडी चालवायची तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेल्या त्या सगळ्या डिस्क मुक्या झाल्या. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या त्यांच्या मागणीवर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करायचा तर करा, पण ज्याने गेम घेतलाय त्याला तो पुढे खेळता येईल अशी सोय ठेवून जा. यात कंपनीचं कुठे काय बुडतं हे मला कुणी पटवून दिलेलं नाही. आणि ओरडून काही होत नाही असं म्हणू नकोस. २०२१ च्या मार्चमध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. लोकांनी इतका गदारोळ केला की एप्रिलमध्ये निर्णय फिरवावा लागला.

आता जे माझ्या खरोखर जिवाला लागतं ते सांगतो. हाय-फाय रश मी तुला आग्रहाने खेळायला लावला होता, आठवतंय? जानेवारी २०२३ मध्ये घोषणा झाली आणि त्याच दिवशी गेम बाजारात. त्या जगात सगळं तालावर चालतं. पाइपातून वाफ निघते ती ठेक्यावर, झाडं डोलतात ती ठेक्यावर, त्यातला नायक चाय नुसता चालला तरी त्याचं पाऊल मात्रेवर पडतं. आणि त्यातली खरी कारागिरी अशी, की तू बटण मागेपुढे दाबलंस तरी घाव मात्र तालातच बसतो. बरोबर दाबलंस तर वर दाद मिळते, चुकलास तर हिरमोड होत नाही. ज्याला ताल कळत नाही त्यालाही दोन लेव्हलनंतर पायाने ठेका धरायला लावणारी ती रचना आहे. असं काही सुचायला आणि ते हाताला इतकं गोड लागेपर्यंत घासायला माणसं लागतात, वर्षं लागतात.

हा गेम बनवणारी ती माणसं टँगो गेमवर्क्सची. त्यांचा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये बंद केला. त्याच मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या बड्या गेम कंपनीची खरेदी पूर्ण केली होती, ६८.७ अब्ज डॉलरला. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातून १,९०० जणांना काढलं, मग टँगो आणि आर्केन ऑस्टिन हे स्टुडिओ बंद, मग जुलै २०२५ मध्ये पर्फेक्ट डार्क या गेमचं काम रद्द आणि तो बनवणारा स्टुडिओही बंद. टँगोला ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने हात दिला म्हणून निदान एक दोर तरी तुटला नाही. सोनीलाही मी सोडत नाही. तिचा कॉन्कॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला काढून घेतला. पैसे परत दिले हे योग्यच केलं, पण कित्येकांची वर्षांची मेहनत दोन आठवड्यांत अशी पुसली गेली की आज कुणाला तो बघायचा म्हटलं तरी दिसणार नाही. पुढे तो स्टुडिओही गेला.

म्हणून म्हणतो, खरेदी-विक्रीच्या बातम्या आल्या की आपण जे पहिलं विचारतो, 'आता हा खेळ कुठल्या कन्सोलवर?', ते बाजूला ठेवूया. विचारायचं ते हे: माणसं राहिली का, आणि केलेलं काम जपलं जाणार का? सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी विकत घेण्याचा ५५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला, तेव्हा तू मला फक्त खरेदीदारांची नावं कळवलीस. मी अडकलो ते त्यातल्या २० अब्जांच्या कर्जाशी. हे कर्ज फेडायचं कंपनीच्या कमाईतून. दरवर्षी हमखास खपणारा फुटबॉलचा खेळ त्यातून तरून जाईल. पण चार वर्षं खाणारा, चालेल की नाही माहीत नसलेला एकट्याने खेळायचा गेम मंजूर करायला तिथे कोण धजेल? मला त्याची काळजी वाटते.

वेगळं वागता येतं याचा दाखला आहे. निन्टेन्डोचा वी यू पडला, सगळी मिळून १.३६ कोटीच्या आसपास मशीन खपली, निन्टेन्डो तोट्यात गेली. तेव्हा भागधारकांपुढे कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी कर्मचारी कमी करायला नकार दिला. नोकरी जाईल या भीतीत असलेली माणसं लोकांच्या मनाला भिडेल असं काही बनवू शकतील असं मला वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला. जुलै २०१५ मध्ये ते गेले, स्विच त्यांनी बाजारात आलेला पाहिला नाही. पण वी यूच्या त्या अपयशातून गेलेली माणसंच पुढे स्विच घेऊन आली, आणि त्याचा खप १५ कोटींच्या पुढे गेला. निन्टेन्डोची दुकानबंदी आणि किल्लीवाली कार्ट्रिजं मला मुळीच मान्य नाहीत. तरी इवातांनी केलं ते इतर कुणी केलेलं मला दिसलं नाही.

तर तुझा ढीग. असं कर: इंटरनेट काढून टाक आणि एकेक डिस्क घालून बघ. जी अपडेट न मागता सुरू होते आणि खेळू देते ती राहू दे, मग ती तुला आवडो न आवडो. सर्व्हरशिवाय जिचं पानही हलत नाही ती खुशाल दे. ठेवायच्या त्या डब्यात उभ्या ठेव. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडींवर वरच्या बाजूला, लेबलाच्या बाजूला ओरखडा पडू देऊ नकोस. सीडीत माहितीचा थर अगदी लेबलाखाली असतो, तिथे गेलं ते गेलं. डीव्हीडीत तो मधोमध असतो, म्हणून प्लेस्टेशन २ च्या बहुतेक डिस्क जास्त सोसतात. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, पण वर कठीण लेप असतो, तो कसल्याही पॉलिशने घासू नकोस.

आणि झेल्डाचं ते सोनेरी कार्ट्रिज 'सेव्ह राहत नाही, बिघडलंय' म्हणून टाकायला निघालायस, ते अजिबात बिघडलेलं नाही. त्यात सेव्ह जपायला एक छोटी गोल बॅटरी असते, सीआर २०३२, ती इतक्या वर्षांनी संपणारच. सोल्डरिंग येणाऱ्याकडून, जोडायच्या पट्ट्या (टॅब) असलेली बॅटरीच बसवून घे. नुसती चिकटपट्टीने दाबून बसवू नकोस, हलली की पुन्हा सगळं जाईल. बदलून आली की खेळ बंद करताना आधी रीसेट दाबून धर आणि मग पॉवर बंद कर, नाहीतर सेव्ह उडू शकतं. तो गेम स्वतःच पडद्यावर तसं सांगतो, पण तू घाईत कधी वाचत नाहीस.

द्यायच्या डिस्कची यादी आधी मला पाठव. त्यात आर्केनचं किंवा टँगोचं काही असेल तर ते मी घेतो, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नकोस.

तुझा,
मंदार