लाकडातून फुंकर

ग्यॉटिंगेन, जर्मनी
रविवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "लाकडातून पाणी मोजतेस म्हणजे दिवसभर करतेस तरी काय?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या टेबलावर ओकच्या दोन काठ्या आहेत. एक मूळच्या अमेरिकेतल्या लाल ओकची. तिच्या टोकाला साबणाचा फेस लावून दुसरीकडून फुंकलं की बुडबुडे येतात. वीतभर लाकडातून श्वास आरपार! दुसरी इथल्या देशी ओकच्या गाभ्याची. गाल दुखेपर्यंत फुंकलं तरी काही नाही. पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या दोन्हींत आहेत, पण देशी ओकमध्ये शेजारच्या पेशी फुग्यासारख्या नळीत शिरून ती बुजवतात. वाइनची पिंपं त्याची होतात ती म्हणूनच.

हेच मी आकड्यांत मांडते. तुकड्याच्या बाजू इपॉक्सी या घट्ट बसणाऱ्या गोंदाने बंद करायच्या, एका टोकाला दाबाने पाणी सोडायचं आणि दुसरीकडे पडलेलं वजनकाट्यावर घ्यायचं. हिशेब दार्सीचा. फ्रान्समधल्या दीजों शहराला पाणी आणणारा हा इंजिनिअर. वाळूतून पाणी कसं झिरपतं त्याचा नियम त्याने १८५६ मध्ये छापला. दाब दुप्पट तर पाणी दुप्पट.

माझं मात्र पाणी तासातासाला कमी होत गेलं. तीन आठवडे मी इपॉक्सीलाच दोष देत होते. खरं कारण पाण्यात विरघळलेली हवा! तिचे बारीक बुडबुडे वाटेत अडकत होते. आता पाण्यातली हवा आधी काढून, ते गाळून घेते. पहिल्यांदा आकडा दिवसभर हलला नाही, तेव्हा तुम्हालाच फोन करावासा वाटला, पण तिकडे मध्यरात्र होती.

सर्वांत नवल स्प्रूसचं, म्हणजे इथल्या एका सूचिपर्णी झाडाचं. त्याच्या पेशींमधल्या भोकांत जाळीवर टांगलेली चकती असते. लाकूड वाळताना मागे हटणारं पाणी ती ओढून भोकावर चिकटवतं, आणि पुन्हा भिजवलं तरी ती सहसा सुटत नाही. त्यामुळे वाळल्या स्प्रूसमध्ये वाळवीचं औषध आत फारसं मुरत नाही.

बाबा, एक काम कराल? सागाच्या बोटभर जाडीच्या दोन काठ्या उभ्या रेषेत काढा, एक गाभ्यातली, एक सालीलगतची. टोकं धारदार पटाशीने साफ करा, करवतीचा भुसा नळ्यांत बसतो. मग आईकडून साबण घ्या, फुंकून बघा आणि मला कळवा. जमलं तर आंब्याचीही.

आईला नमस्कार.

तुमची,
मंजू