‘कुत्र्याची छत्री’ म्हणजे नेमकी कोणती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की टेकोडे आणि सात्या या रानात उगवणाऱ्या अळिंबीच्या (मशरूमच्या) बातम्या येऊ लागतात. त्यांत खाण्याजोग्या अळिंबीचे कौतुक सविस्तर असते. न खाण्याजोग्या साऱ्या जातींची बोळवण मात्र ‘कुत्र्याची छत्री’ या एका शब्दात होते. माझी हरकत या शब्दाला आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार रिंगणात उगवल्या. वर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारे कडे. शेजारच्या वहिनींनी त्या टेकोडे समजून भाजीसाठी निवडायला घेतल्या होत्या. मी त्यांतली एक पूर्ण उमललेली छत्री मागून घेतली, देठ कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर वाडगा झाकला. सकाळी कागदावर मळकट हिरव्या भुकटीचा ठसा उमटला होता. ही भुकटी म्हणजे बीजाणू, अळिंबीचे बियांसारखे सूक्ष्म कण; ते हिरवे असणे ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीची ठळक खूण आहे. कोवळेपणी हिचे छत्रीखालचे पापुद्रे पांढरेच असतात, ते हिरवट होतात नंतर; फसगत होते ती इथेच. पोटात गेल्यास काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

हिच्या नावाचा इतिहासही सावध करणारा आहे. १८१८ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मेयर यांनी दक्षिण अमेरिकेतील गयानामधून हिची नोंद केली, तेव्हा ती अॅगॅरिकस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गणली गेली. १८९८ मध्ये कवकशास्त्रज्ञ मॅसी यांनी क्लोरोफायलम ही प्रजाती स्थापली, पण ज्या नमुन्यावर ती आधारली त्याला त्यांनी ‘एस्क्युलेंटम’, म्हणजे ‘खाण्याजोगी’, असे नाव दिले. ती हीच विषारी जात असल्याचे पुढे मानले गेले. तज्ज्ञाची ही गत, तर शिजवताना चांदीचा चमचा काळा पडतो का ते पाहणाऱ्यांना काय बोल लावावा? (ती परीक्षा निव्वळ भाकड आहे.)

आज ही जात अॅगॅरिकेसी कुळात मोडते. बाजारात मिळणारी बटण अळिंबी याच कुळातली, तर वाळवीच्या वारुळाशी नाते सांगणारा, गुलाबी बीजाणूंचा टेकोडा, म्हणजे टर्मिटोमायसेस, लायोफिलेसी या वेगळ्या कुळातला. म्हणजे बटण अळिंबीची जवळची नातलग टेकोडा नसून ही विषारी छत्री आहे, आणि केवळ कुळ ओळखून खाण्याचा निर्णय घेता येत नाही. जातीपर्यंत जावेच लागते.

म्हणून विनंती, की अशा बातमीसोबत जातीचे शास्त्रीय नाव, बीजाणूंचा रंग आणि छत्रीच्या खालच्या बाजूचे छायाचित्र छापावे. वरून काढलेल्या फोटोत टेकोडा आणि ही छत्री यांतला फरक पुष्कळदा दिसतच नाही.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, नागपूर